फेरफार नसलेली माती

बँकेतल्या माझ्या २७ वर्षांपैकी १९ कर्जविभागात गेली. घरकर्जाची फाइल आली की आधी वकिलाचा सर्च रिपोर्ट उघडायचा. मागच्या ३० वर्षांत ही जागा कुणाकुणाच्या हातून गेली, कुणी खरेदीखत केलं, कुठे वारसनोंद लागली, कुठल्या बहिणीनं हक्कसोडपत्र दिलं आणि कुठल्या बहिणीचं राहून गेलं, हे वाचत वाचत शेवटच्या ओळीवर यायचं. तिथे 'टायटल क्लिअर अँड मार्केटेबल' दिसलं की चहा सांगायचा. निवृत्त झाले तरी सवय सुटलेली नाही. एखादी वस्तू आवडली की पाठोपाठ प्रश्न येतोच: हिचा कब्जेदार कोण, आणि त्याच्या आधी कोण होता?

२०१७ चा एप्रिल होता. मी व्हर्जिनियात लेकीकडे गेले होते. वॉशिंग्टनमधला चेरीचा बहर ओसरून पाकळ्यांचा लगदा फुटपाथच्या कडेला साचला होता. आईला बहर दाखवायचा राहिला म्हणून लेक हळहळत होती, तेव्हा जावई म्हणाले, "आई, नॅशनल गॅलरीत मातीच्या मूर्तींचं प्रदर्शन लागलंय. पाचशे वर्षांपूर्वीच्या, इटलीतल्या. तिकीटबिकीट काही नाही." मातीच्या मूर्ती म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पेण आलं. शाडूचा वास, ओळीनं वाळत ठेवलेले रंग न दिलेले गणपती. त्याच हिशेबानं आत शिरले, तर समोर सगळं निळं आणि पांढरं. पाऊस गेल्यावर आश्विनात आभाळ होतं तसलं निळं, आणि साय धरलेल्या दुधासारखं पांढरं. माती कुठे दिसतच नव्हती.

हे सगळं काम एका घराण्याचं, फ्लॉरेन्सच्या देला रॉबियांचं. चुलता लुका, पुतण्या आंद्रेआ, आंद्रेआची मुलं, त्यांतला जोव्हान्नी ठळक. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून सोळाव्याच्या पूर्वार्धापर्यंत चाललेला हा कारखाना. आडनावाची एक गंमत मला नंतर कळली. इटालियनमध्ये 'रॉबिया' म्हणजे लाल रंग देणारं ते मुळांचं झाड, आपल्या मंजिष्ठाचं सख्खं भावंड. लुकाचे वडील लोकरीच्या धंद्यातले. म्हणजे आडनावात लाल, आणि घराण्याची कीर्ती झाली ती निळ्या-पांढऱ्यासाठी.

लुका मुळात दगडाचा माणूस. फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या सज्जासाठी त्यानं १४३१ ते १४३८ या काळात संगमरवरात कोरलेली गाणारी, नाचणारी, झांजा वाजवणारी पोरं बघितली तर हा माणूस पुढे मातीकडे का वळला असेल, असं वाटतं. व्हसारी नावाच्या चित्रकारानं १५५० मध्ये कलावंतांची चरित्रं छापली. त्याचं म्हणणं असं की लुकानं एकदा बसून हिशेब केला: दगडात आणि कांस्यात किती वेळ गेला, किती मेहनत झाली आणि पदरात किती पडलं. आकडा बघून त्यानं मातीत हात घातला. व्हसारीच्या सगळ्या गोष्टी पुराव्यावर टिकतात असं नाही, पण ही मला पटते. असला हिशेब कर्ज मागायला आलेल्या अनेकांनी माझ्यासमोर मांडलेला आहे.

त्याची झिलई आपल्याला अनोळखी नाही. लोणच्याची बरणी आठवा, वर तपकिरी आणि खाली मळकट पांढरी. तिच्यात वर्षानुवर्षं खार राहतो, तेल राहतं, तरी धुतली की पुन्हा कोरी. माती आणि खार यांच्यामध्ये काचेचा एक पापुद्रा असतो, म्हणून. लुकानं असा पापुद्रा देवाच्या अंगावर चढवला. शिशाच्या काचेत कथील मिसळलं की ती पारदर्शक राहत नाही, दुधाळ होते आणि खालची तांबूस-पिवळट माती झाकून टाकते. कथील म्हणजे तेच, जे आमच्या आळीत कल्हईवाला नवसागराच्या धुरात पातेल्याला पुसायचा. त्यात कोबाल्ट घातलं की निळा, तांबं घातलं की हिरवा, मँगनीज घातलं की जांभळा.

सांगायला सोपं आहे, पण खरी मेख भट्टीत होती. वाडगे आणि ताटल्या करणाऱ्या कुंभारांकडे कथलाची झिलई आधीपासून होतीच. पण ताटली पातळ, सगळीकडे सारख्या जाडीची. माणसाएवढी मूर्ती तशी भाजायला घेतली तर ती तडकणार. म्हणून मूर्ती ओली असतानाच तिचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा मागून कोरून पोकळ करायचा, भिंतीची जाडी शक्यतो सारखी ठेवायची. मग पहिली भाजणी, मग झिलई, मग दुसरी भाजणी. माती चुन्याचा अंश असलेली हवी, म्हणजे थंड होताना माती आणि काच बरोबरीनं आकसतात आणि पापुद्रा सुटत नाही. शेवटी तुकडे जागेवर नेऊन भिंतीत चुन्यानं बसवायचे. सांधे कुठे येतील तेही आधी ठरलेलं: पदराच्या कडेला, गळ्याच्या घडीत, ढगाच्या काठावर. कुठला तुकडा कुठे जायचा त्याच्या खुणा मागच्या बाजूला. ओल्या भिंतीवर चित्र पोपडतं, लाकडी पाट फुगतो, पण हे धुऊन निघतं. ला वेर्नाच्या डोंगरावर, धुकं आणि थंडी बारा महिने मुक्कामाला असलेल्या मठात आंद्रेआनं बसवलेल्या वेदी आजही लखलखीत आहेत.

तुकड्यांची ही युक्ती लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचं आहे.

लुकाचं लग्न झालेलं नव्हतं. १४७१ सालचं त्याचं मृत्युपत्र मला त्याच्या सगळ्या मूर्तींइतकंच आवडतं. त्याचे दोन पुतणे, सिमोने आणि आंद्रेआ. मालमत्ता सिमोनेला. आंद्रेआबद्दल त्यानं लिहून ठेवलं की याला मी माझी कला शिकवली आहे, तिच्यावर हा आयुष्यभर कमावून खाईल, तेव्हा त्याला त्याचा वाटा मिळालेला आहे. वाटणीच्या शेकडो कागदांवरून माझी नजर फिरलेली आहे. विहिरीतल्या पाण्याचे आठवड्याचे वार वाटलेले पाहिले, आंब्याच्या फांद्या वाटलेल्या पाहिल्या. पण हातातली कला हा हिस्सा धरून समान वाटणी केल्याचा कागद मी दुसरा बघितला नाही. आणि चुलत्याचं गणित बरोबर निघालं. आंद्रेआनं तो धंदा एवढा वाढवला की साच्यातून काढलेल्या मेरी आणि बाळ फ्लॉरेन्सच्या मध्यमवर्गीय घरांत पोचल्या.

कृती घरातच राहावी म्हणून घराण्यानं जिवाचं रान केलं असणार, तरी ती बाहेर गेलीच. बेनेदेत्तो बुल्योनी नावाचा मूर्तिकार अचानक तसल्याच झिलईच्या मूर्ती करायला लागला. व्हसारीनं त्याचं खापर आंद्रेआच्या घरातून आलेल्या एका बाईवर फोडलंय. खरं-खोटं देव जाणे. पुरुषांच्या कारखान्यातलं गुपित फुटलं की नाव बाईचंच निघतं, एवढं मात्र सगळ्या देशांत सारखं दिसतं.

आता तुकड्यांकडे. ज्या युक्तीमुळे मूर्ती भट्टीत तडकली नाही आणि खेचरावर लादून डोंगरावर नेता आली, त्याच युक्तीनं पुढे तिचा घात केला. भित्तिचित्र भिंतीतून उचलणं महाकठीण. संगमरवरी वेदी हलवायची तर बैलं आणि माणसं लागतात. ही मूर्ती मात्र कागदाच्या घडीसारखी उलगडते. सांध्यातला चुना खरवडला की एकेक तुकडा सुटा होतो, पेंढा घालून खोक्यात बसतो, बोटीवर चढतो आणि दुसऱ्या खंडातल्या भिंतीवर पहिल्यासारखा जुळतो. त्यात तिला ना ऊन लागत, ना पाणी.

आणि एकोणिसाव्या शतकात खोकी भरायला निमित्तं भरपूर होती. फ्लॉरेन्सचा प्रांत तोस्कानी नेपोलियनच्या ताब्यात गेल्यावर १८०८ ते १८१० च्या सुमारास तिथले मठ बंद झाले. इटली एक झाल्यावर १८६६ च्या कायद्यानं पुन्हा मठांच्या मालमत्तेवर टाच आली. मग फ्लॉरेन्सचा जुना बाजारभाग पाडून शहर 'साफ' करायची लाट आली, ती १८८५ पासून दहा वर्षं चालली. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या देवळ्या, दारावरच्या मेरी, व्यापारी संघांची निशाणं रस्त्यावर आली. काही संग्रहालयांत गेली. बाकीची स्तेफानो बार्दिनीसारख्या व्यापाऱ्यांकडे. या बार्दिनीनं तर एक जुनं चर्चच विकत घेऊन त्याचा महाल केला आणि आतल्या भिंतींना निळा रंग दिला. निळ्या भिंतीवर पांढरी मूर्ती म्हणजे गिऱ्हाईक हललंच नाही पाहिजे. १९०९ मध्ये इटलीनं असल्या वस्तू देशाबाहेर जाण्यावर कडक कायदा केला, तोवर पुष्कळ खोकी बंदराबाहेर पडलेली होती.

वॉशिंग्टनच्या त्या प्रदर्शनात मी जिच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले, ती वस्तू अशीच बाहेर पडलेली. दरवाजाच्या कमानीत बसणारा अर्धगोल पट, ११ फुटांहून रुंद, जोव्हान्नीच्या हातचा, साधारण १५२० ते १५२४ मधला. मधोमध कबरीतून उठलेला ख्रिस्त, भोवती पहाऱ्याचे शिपाई, आणि वरून फळापानांचं जाडजूड तोरण. तोरणात बारीक प्राणी लपलेत. ते शोधण्यात लेकीनं आणि मी चांगली दहा मिनिटं घालवली. निळ्या-पांढऱ्यावर भागवायचे दिवस सरले होते. जोव्हान्नीनं हिरवा, पिवळा, जांभळा, हाताला लागेल तो रंग वापरलाय. लुकाच्या शांत पांढऱ्यानंतर हे जरा मांडवात आल्यासारखं वाटतं, पण मला मांडव आवडतो.

ख्रिस्ताच्या बाजूला एक माणूस हात जोडून गुडघ्यावर बसलाय. तो बायबलातला नाही. तो निक्कोलो दी तोम्मासो आंतिनोरी, या पटाचे पैसे दिलेला गृहस्थ. खाली घराण्याचं निशाणही आहे. आपल्याकडे पातेल्यावर 'चि. सौ. कां. अमुक हिला मामाकडून' असं टोचून घालतात ना, त्यातलाच हा प्रकार, फक्त आंतिनोरींनी नावाऐवजी स्वतःच घालून घेतला. फ्लॉरेन्सजवळच्या 'ले रोझे' नावाच्या त्यांच्या वाडीत, बागेच्या दरवाजावर हा पट बसवला होता.

आता मी सवयीनं फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, लावते. मूळ कब्जेदार: निक्कोलो आंतिनोरी. त्यानंतर साडेतीनशेहून जास्त वर्षं घराण्यातल्या घराण्यात, म्हणजे वारसनोंदी. १८९८ मध्ये एकदम ब्रुकलिन. तिथले कातड्याचे व्यापारी ऑगस्टस हीली यांनी पट मिळवून आपल्या शहराच्या नव्या संग्रहालयाला दिला. म्हणजे एक खरेदी, एक बक्षीसपत्र, विषय संपला. कागद स्वच्छ आहे. घराण्यानं आपल्याच पूर्वजाला गुडघ्यावर बसलेला असा विकला, याला कायद्यात काही हरकत नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. आंतिनोरी हे वाइनवाले. घराण्याचा धंदा १३८५ पासूनचा, आता २६ वी पिढी. या प्रदर्शनाआधी ब्रुकलिनच्या पटाची डागडुजी करायची ठरली, तेव्हा खर्चाला याच आंतिनोरींनी हातभार लावला. पट भिंतीवरून उतरवला, ४६ तुकडे सुटे केले, जुने लेप आणि चिकटवण्या काढल्या, धुतले, पुन्हा जुळवले. बोस्टन, वॉशिंग्टन, आणि मग तो फ्लॉरेन्सला गेला, बार्जेल्लो संग्रहालयात, काही महिन्यांसाठी. निक्कोलो १०० हून जास्त वर्षांनी आपल्या गावी आला, आपल्याच वंशजांच्या पैशानं आंघोळ करून आला, आणि मुदत संपली तसा ब्रुकलिनला परत गेला. विकलेल्या वाड्याची रंगरंगोटी जुन्या मालकांनी करून द्यावी आणि नव्या मालकानं त्यांना चार दिवस पाहुणचाराला बोलवावं, असं काहीसं. आमच्या फाइलींत असला प्रकार कधी आला असता तर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं असतं, "यात बेनामी काही नाही ना?"

त्या दिवसानंतर मला नाद लागला. रात्री लेकीच्या घरी सगळे झोपले की मी संग्रहालयांच्या पानांवर जाऊन 'प्रॉव्हेनन्स' नावाचा छोटा परिच्छेद वाचत बसायची. प्रॉव्हेनन्स म्हणजे मालकीचा इतिहास, आपल्या भाषेत गाव नमुना सहा. त्यात एक बारकावा सापडला आणि मी खुर्चीत सरळ झाले. अमेरिकी संग्रहालयांच्या शिफारशीत विरामचिन्हांना अर्थ दिलेला आहे. दोन मालकांच्या मध्ये अर्धविराम असेल तर वस्तू एकाकडून थेट दुसऱ्याकडे गेली. पूर्णविराम असेल तर मधला दुवा माहीत नाही. एवढ्याशा टिंबात ५० वर्षं बुडालेली असतात. आमच्या सर्च रिपोर्टात वकील 'सदर कालावधीचे अभिलेख जीर्ण' असं लिहून मोकळे व्हायचे.

एक टिंब तर २०० वर्षांचं आहे. लुकानं फ्लॉरेन्सचा सावकार पिएरो दे मेदिची याच्या महालातल्या खाजगी अभ्यासिकेसाठी छताला बसवायच्या १२ गोल तबकड्या केल्या, प्रत्येक साधारण दोन फुटांची. बारा महिने, बारा कामं: नांगरणी, पेरणी, छाटणी, द्राक्षांची तोडणी. उठावाचं काम नाही, गुळगुळीत तबकडीवर निळ्याच्या छटांत रेखलेली माणसं. कडेनं एक पट्टा, अर्धा उजळ, अर्धा गडद. त्या महिन्यात दिवस किती आणि रात्र किती ते त्यावरून कळतं. युरोपातला सगळ्यात मोठा सावकार मान वर करून शेतकऱ्याची वर्षभराची कामं बघत बसायचा. सातबाऱ्यातला बारा नंबर, पीकपाहणी, थेट छताला लावलेली! १६५९ मध्ये तो महाल रिक्कार्दी घराण्यानं घेतला, त्यांच्या फेरबदलांत ती खोली गेली. मग टिंब. तबकड्या पुन्हा दिसतात त्या एकोणिसाव्या शतकात, रोमच्या मार्केझे कँपानाच्या संग्रहात.

या कँपानाविषयी मी जरा पाल्हाळ लावणार, कारण तो आमच्या खात्यातला. पोपच्या राज्यात गहाणवटीवर कर्ज देणारी सरकारी पेढी होती, मोंते दी पिएता. गरिबानं सावकाराच्या पाशात पडू नये म्हणून काढलेली. तिचा मुख्य संचालक हा कँपाना, १८३३ पासून. त्याला जुन्या वस्तूंचं वेड. एत्रुस्कन दागिने, ग्रीक कलश, चित्रं, रॉबियांच्या मूर्ती, जे दिसेल ते हवं. पैसे कमी पडायला लागले तसा त्यानं आपला संग्रह स्वतःच्याच पेढीत तारण ठेवून उचल घ्यायला सुरुवात केली. कर्जदार तो, मंजुरी देणारा तो, आणि ज्या तारणाची किंमत त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला कळत नव्हती ते तारणही त्याचंच. उचललेल्या पैशातून नवीन खरेदी, म्हणजे तारणात भर, म्हणजे आणखी उचल. १८५७ मध्ये अटक झाली, पुढच्या वर्षी २० वर्षांची सक्तमजुरी. नंतर शिक्षा कमी करून हद्दपारी. एवढा मोठा एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, मी नोकरीत बघितला नाही, आणि इतकं देखणं तारण तर नाहीच.

जप्त संग्रह १८६१ च्या सुमारास विकला गेला. रशियाच्या झारनं काही उचललं, तिसऱ्या नेपोलियननं मोठा हिस्सा पॅरिसला नेला, आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयानं निवडक शिल्पं घेतली. ते संग्रहालय म्हणजे आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. पिएरोच्या छताचे बारा महिने तिथेच आहेत. पेढीत पोटासाठी अंगावरचं डूल गहाण टाकणारी रोममधली एखादी बाई आणि लंडनच्या भिंतीवरचा तो नांगरणीचा महिना, यांच्यामध्ये एक सरळ रेघ आहे. कुठल्याच प्रॉव्हेनन्समध्ये ती काढलेली नसते.

जाता जाता एक मुंबईची आठवण. या तबकड्या लंडनला पोचल्या त्या दशकात, त्याच संग्रहालयाच्या नव्या इमारतीच्या भाजल्या मातीच्या सजावटीवर एक तरुण मूर्तिकार काम करत होता, जॉन लॉकवुड किपलिंग. १८६५ मध्ये तो जे. जे. स्कूलमध्ये शिकवायला आला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर कणसांच्या शेतात राबणारी माणसं आहेत ना, ती त्याची. त्याचा लुकाच्या महिन्यांशी संबंध जोडायचा उपद्व्याप मी करणार नाही. पण पुढच्या वेळी त्या बाजारात आंबे घ्यायला गेले तेव्हा मान आपोआप वर गेली, एवढं खरं.

आमच्या आजोळचा वाडा पाडला तेव्हा मी नोकरीत होते. जागेचे कागद मीच तपासून दिले. सात वारस, पाच हक्कसोडपत्रं, एक मावशी इंदूरला, सगळं बिनचूक. दिवाणखान्याच्या सागवानी खांबांवर केळफुलाचं कोरीव काम होतं. आजोबा त्यांतल्याच एकाला टेकून सुपारी कातरायचे. त्या खांबांचा कागदात उल्लेख नव्हता. इमारत म्हटलं की त्यात ते आले, आणि इमारत पाडायच्या ठेक्यात 'निघेल तो माल ठेकेदाराचा' अशी ओळ होती. ती ओळ मी वाचली होती. काही वर्षांनी एका हॉटेलच्या दारात तसेच दोन खांब दिसले. तेच असतील असं नाही. टेकायच्या उंचीवर पॉलिश झिजलेलं आहे का, ते बघायला मी वाकले, तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, "मॅडम, टेबल किती जणांचं?"

जागेवरून निघालेली वस्तू नव्या जागी नुसती लोखंडी खुंट्यांवर उभी असते, हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला २००८ च्या जुलैत कळलं. आंद्रेआनं फाएन्झा गावातल्या एका चर्चसाठी केलेला देवदूत मायकेल, एका हातात तलवार, दुसऱ्यात आत्मे तोलायचा तराजू. संग्रहालयानं तो १९६० मध्ये घेतला आणि एका दरवाजाच्या वर लावला. एका रात्री भिंतीतला आधार सुटला आणि मायकेल खालच्या फरशीवर आला. रात्र होती म्हणून कुणाला लागलं नाही. जोडायला काही वर्षं गेली. या तोडमोडीचा एक फायदा झाला. मूर्ती मागून, आतून, सांध्यासांध्यातून बघायला मिळाली, आणि आधी कधीतरी केलेल्या डागडुज्याही सापडल्या. फाएन्झा हे झिलईच्या भांड्यांचं गाव, युरोपात 'फायन्स' हे नावच त्यावरून पडलं. त्या गावच्या देवदूतानं पडून फुटावं, यावर तिथल्या म्हाताऱ्या कुंभारांनी काय म्हटलं असतं कुणास ठाऊक.

प्रदर्शनातली दुसरी वस्तू सांगायची राहिली. खरं म्हणजे तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

दोन बायका. जवळजवळ माणसाएवढ्या, नखशिखांत पांढऱ्या. एक तरुण, उभी. दुसरी म्हातारी, गुडघ्यावर, मान वर करून पहिलीच्या तोंडाकडे बघतेय, दोन्ही हात तिच्या कमरेभोवती. तरुण ती मेरी, पोटुशी. म्हातारी तिची नात्यातली एलिझाबेथ, तीही पोटुशी, नको त्या वयात, सगळ्यांनी आशा सोडल्यावर. मेरी डोंगर चढून तिला भेटायला आलीय. मेरीचे हात म्हातारीच्या खांद्यावर आहेत. अगं उठ, तू काय माझ्या पाया पडतेस, असं म्हणणारे हात. आपल्याकडे धाकटीच्या पायाशी थोरली वाकली तर धाकटीची जी धांदल उडते, ती सगळी त्या बोटांत आहे. लुकानं १४४५ च्या सुमारास हे केलं. रंग नाही, सोनं नाही, दागिना नाही. माझी लेक तेव्हा सातव्या महिन्यात होती. ती बाकावर टेकली होती. मी तिला हाक मारली नाही.

मग सवयीनं पाटी वाचली. पिस्तोइया गावातलं सान जोव्हान्नी फुओरचिव्हितास हे चर्च. बस, एक ओळ. मालकीचा इतिहास नाही, अर्धविराम नाही, टिंब नाही. मूर्ती त्या चर्चसाठी झाली, आणि अजून त्या चर्चचीच आहे. पौने सहाशे वर्षांत ती अमेरिकेला पहिल्यांदा आली होती, तीही पाहुणी म्हणून.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तो खरं तर तीस वर्षांपूर्वीच पडायला हवा होता. फेरफार कधी लागतो? हात बदलला तर. ज्या वस्तूला भलामोठा मालकीचा इतिहास आहे, भारदस्त नावांची माळ आहे, ती वस्तू तितक्या वेळा उखडली गेली आहे. लिलावात ती माळ किंमत वाढवते, आणि तेही बरोबर आहे. ज्याच्या-त्याच्या साच्यातून निघालेल्या, एकोणिसाव्या शतकातल्या जिनोरी आणि कांतागाल्ली या कारखान्यांच्या नकलांत खरी कुठली हे ठरवायला कागदही लागतात, आणि भाजणीचं वय काढणारी यंत्रंही. पण जी हललीच नाही तिचं पान कोरं. मी नोकरीत कोऱ्या पानाला घाबरायचे. कागद नाहीत म्हणजे काहीतरी लपवलंय.

फ्लॉरेन्समध्ये असं आणखी एक कोरं पान आहे, अनाथ बाळांच्या जुन्या आश्रमाच्या दर्शनी भिंतीवर. तिथे मी अजून गेलेले नाही, फोटोच बघितलेत. वास्तुकार ब्रुनेल्लेस्कीच्या कमानींमधल्या गोलांत आंद्रेआनं १४८७ मध्ये दहा बाळं बसवली, निळ्यावर पांढरी, गुंडाळ्यांत बांधलेली. प्रत्येकाचं कापड वेगळ्या तऱ्हेनं सुटत चाललेलं. कडेची आणखी काही बाळं १८४५ ची, जिनोरीच्या कारखान्यातली. खालच्या दरवाजात पहिलं मूल सोडलं गेलं ते ५ फेब्रुवारी १४४५ ला. मुलगी होती. तिचं नाव आगाता ठेवलं. आश्रमाच्या संग्रहालयात छोट्या खणांमध्ये आयांनी बाळांबरोबर ठेवलेल्या खुणा आहेत: मधोमध मोडलेलं पदक, रिबीन, एखादा मणी. अर्धं पदक बाळाजवळ, अर्धं आईजवळ. दिवस पालटले की आई आपला तुकडा घेऊन येणार आणि दोन्ही जुळवून मूल मागणार. खणांत राहिलेले ते सगळे तुकडे म्हणजे न झालेले फेरफार. वरची मातीची बाळं आपल्या जागी आहेत. तपासायला, धुवायला खाली उतरतात आणि पुन्हा वर जातात.

प्रदर्शनातून निघताना लेक म्हणाली, "आई, त्या दोन बायकांपुढून तू हललीच नाहीस. एवढं काय वाचत होतीस?" मी म्हटलं, "काही नाही गं, पाटी." जूनमध्ये प्रदर्शन संपलं. तोवर लेकीला मुलगी झाली होती आणि मी बाळाच्या लंगोटात गुरफटले होते, त्यामुळे खोकी कधी बंद झाली ते कळलं नाही. दप्तरात नोंद घालायचीच झाली तर एवढी घालेन: दोघी २०१६ मध्ये गावाहून निघाल्या, २०१७ मध्ये पाहुणचार संपवून परत निघाल्या. कब्जेदार सदरी बदल नाही.